श्रेष्ठ लढत कोणती? : महंमद अलीच्या चार लढतींचा तौलनिक विचार

१

एकाच कलावंताच्या अनेक कृतींपैकी श्रेष्ठ कृती कोणती, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. तथापि त्याचे उत्तर शोधताना दोन भिन्न गोष्टींची पुष्कळदा गल्लत होते : एक, कृतीची गुणवत्ता, आणि दुसरी, त्या कृतीसाठी कर्त्याने मोजलेली किंमत. ग्रंथाच्या बाबतीत ही गल्लत फारशी बाधक ठरत नाही, कारण लेखकाचे क्लेश वाचकाच्या डोळ्यांपुढे घडत नाहीत. मुष्टियुद्धात मात्र कृती आणि तिची किंमत ही दोन्ही एकाच शरीरावर, एकाच क्षणी आणि प्रेक्षकांच्या देखत साकार होतात. म्हणूनच मुष्टियोद्ध्याच्या लढतींची तुलना करताना सहन केलेल्या माराला गुण समजण्याचा मोह अधिक प्रबळ असतो.

अमेरिकन मुष्टियोद्धा महंमद अली (१९४२–२०१६) ह्याच्या कारकीर्दीसंबंधी जे मूल्यमापन रूढ झाले आहे, त्यात हा मोह स्पष्टपणे आढळतो. रोम येथील १९६० च्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळवून व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरलेल्या अलीने १९८१ पर्यंत एकसष्ट लढती केल्या. त्यांपैकी छप्पन्न जिंकल्या आणि पाच गमावल्या. ह्या लढतींत सर्वश्रेष्ठ म्हणून सामान्यतः तिहींचा निर्देश होतो : निर्दोषतेसाठी क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धची (१९६६), युक्तीसाठी जॉर्ज फोरमनविरुद्धची (१९७४) आणि धैर्यासाठी जो फ्रेझरविरुद्धची तिसरी (१९७५). त्यांना सनी लिस्टनविरुद्धच्या पहिल्या लढतीची (१९६४) जोड दिल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. ह्या चारही लढतींचे चित्रण उपलब्ध असल्यामुळे त्यांचा विचार केवळ आख्यायिकांवर विसंबून करावा लागत नाही.

तुलनेसाठी तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, प्रतिस्पर्ध्याचे त्या दिवशीचे वास्तविक सामर्थ्य. कारण मुष्टियुद्धात प्रतिस्पर्धी हाच कृतीचा अर्धा घटक असतो. दुसरी, समोरच्या अडचणीला योद्ध्याने शोधलेले उत्तर. म्हणजेच कृतीतील नवनिर्मिती. तिसरी, मुष्टियुद्धाच्या मूळ प्रयोजनाशी इमान. हे प्रयोजन ठोसे सहन करणे हे नसून, ठोसा मारणे आणि त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याचा ठोसा चुकविणे हे आहे. आपल्याकडील कुस्तीच्या आखाड्यातही नुसती ताकद आणि डाव ह्यांत भेद केला जातो, तो ह्याच जाणिवेने.

२

१४ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये झालेली विल्यम्सविरुद्धची लढत तिसऱ्या फेरीच्या आरंभीच्या भागातच संपली. ह्या अल्प अवधीत अलीच्या तारुण्यातील शैलीचे सर्व विशेष एकवटून दिसतात. हात कमरेजवळ सैल सोडलेले. पाय सतत वर्तुळाकार फिरणारे. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा हाताने न अडविता कमरेतून किंचित मागे झुकून हवेत जाऊ देण्याची सवय. आणि मागे सरकत असतानाच डाव्या हाताचा जॅब टाकण्याचे कौशल्य. मुष्टियुद्धाच्या प्रशिक्षणात मागे झुकणे व हात खाली ठेवणे हे दोष मानले जातात. अलीच्या ठिकाणी पायांच्या आणि नजरेच्या वेगामुळे ते गुण झाले. विल्यम्स दुसऱ्या फेरीत तीनदा आणि तिसऱ्या फेरीत पुन्हा एकदा खाली पडला.

केवळ आकृतीचा विचार केला तर ह्या लढतीत वैगुण्य दाखविणे कठीण आहे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे पदन्यासाच्या आणि हातांच्या हालचालींना लावून पाहू गेल्यास, संवादलयीचे इतके शुद्ध उदाहरण ह्या क्षेत्रात क्वचितच सापडेल. परंतु विरोधलय कोठे आहे, असा प्रश्न केला की लढतीची मर्यादा उघड होते. विल्यम्स एके काळी अत्यंत जोरकस ठोश्यांचा योद्धा होता हे खरे. पण १९६४ च्या अखेरीस टेक्सासमध्ये एका पोलिसाच्या पिस्तुलाची गोळी लागून तो मरणाच्या दारातून परत आला होता. त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या, एक मूत्रपिंड गेले होते आणि गोळी शरीरातच राहिली होती. शिवाय वयाची तेहतीस वर्षे त्याने पुरी केली होती. अलीसमोर उभा राहिला तो पूर्वीच्या विल्यम्सचा अवशेष होता.

यास्तव ह्या लढतीला निर्दोष म्हणणे योग्य आहे. श्रेष्ठ म्हणणे योग्य नाही. निर्दोषता हा दोषाचा अभाव होय, आणि जेथे विरोधच नाही तेथे दोष घडण्याचा संभवही कमी असतो. शैलीचा नमुना म्हणून तिचा अभ्यास व्हावा, पण त्या शैलीची कसोटी तेथे लागली असे म्हणता येणार नाही.

३

ती कसोटी तत्पूर्वीच, २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे लागली होती. त्या वेळी अली अद्याप कॅशियस क्ले ह्या नावानेच ओळखला जात होता आणि त्याचे वय बावीस वर्षांचे होते. जगज्जेता सनी लिस्टन ह्याने फ्लॉइड पॅटर्सनला १९६२ आणि १९६३ मध्ये दोनही वेळा पहिल्याच फेरीत गारद केले होते. तेव्हा तरुण आव्हानवीराच्या विजयाची अपेक्षा फार थोड्यांना होती.

ह्या लढतीचे दोन भाग पाडून विचार करणे इष्ट ठरते. पहिल्या तीन फेऱ्यांत वेगाने शक्तीला निष्प्रभ केले. लिस्टनचा प्रसिद्ध डावा ठोसा वारंवार हवेत गेला आणि तिसऱ्या फेरीत त्याच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली. दुसरा भाग चौथ्या फेरीच्या अखेरीस सुरू होतो. कोणत्या तरी द्रव्यामुळे क्लेच्या डोळ्यांची आग होऊ लागली, त्याला दिसेनासे झाले, आणि हातमोजे कापून टाका असा त्याने आग्रह धरला. प्रशिक्षक अँजेलो डंडी ह्याने त्याचे डोळे धुतले आणि त्याला पाचव्या फेरीसाठी जवळजवळ ढकलूनच पुढे पाठविले. ही पाचवी फेरी अलीच्या संपूर्ण कारकीर्दीतील एक अत्यंत महत्त्वाचे प्रकरण आहे. ज्या शैलीचा आधार दृष्टी हाच होता, ती शैली दृष्टीवाचून तीन मिनिटे तगून राहिली. डावा हात लांब करून त्याने लिस्टनच्या मस्तकाचा अंदाज घेतला आणि अंतर राखीत, मागे सरत वेळ काढला. डोळे निवळताच सहाव्या फेरीत त्याने पुन्हा आक्रमण केले, आणि सातव्या फेरीसाठी लिस्टन आपल्या बैठकीवरून उठलाच नाही.

प्रतिस्पर्ध्याचे सामर्थ्य, आपत्तीवर काढलेला मार्ग आणि मार चुकविण्याची कला ह्या तिन्ही दृष्टींनी ही लढत विल्यम्सच्या लढतीहून वरच्या पायरीवर आहे. तिचे वैगुण्य आहे ते समाप्तीत. लिस्टनने खांद्याच्या दुखापतीचे कारण सांगून माघार घेतली. सहा फेऱ्यांअखेर परीक्षकांच्या गुणपत्रिकांत दोघे बरोबरीतच होते. आणि २५ मे १९६५ रोजी लुइस्टन येथील दुसऱ्या लढतीत लिस्टन पहिल्याच फेरीत ज्या रीतीने पडला, त्यामुळे पहिल्या लढतीकडेही काहींनी संशयाने पाहिले. चित्रण पाहिल्यावर हा संशय टिकत नाही. मात्र येथे विजय प्रतिस्पर्ध्याच्या नकारातून आला, कर्त्याच्या अंतिम कृतीतून आला नाही, हे मान्य करावे लागते. नाटकाचा पाचवा अंक पडद्याआड घडावा, तसे येथे झाले आहे.

४

मायामी आणि किन्शासा ह्यांच्या मध्ये अलीच्या आयुष्यातील मोठा खंड पडला. २८ एप्रिल १९६७ रोजी त्याने सैन्यभरतीस नकार दिला. त्याचे जगज्जेतेपद व लढण्याचा परवाना काढून घेण्यात आला. मार्च १९६७ पासून ऑक्टोबर १९७० पर्यंत, म्हणजे वयाच्या पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या वर्षांपर्यंत, त्याला एकही व्यावसायिक लढत करता आली नाही. जून १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. पण पायांचा वेग न्यायालयाच्या निर्णयाने परत मिळण्यासारखा नव्हता. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझरने पंधराव्या फेरीत त्याला खाली पाडले आणि एकमताने हरविले. १९७३ मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडून त्याच्यावर विजय मिळविला.

ह्याच फ्रेझरला जॉर्ज फोरमनने जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टन येथे दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते, आणि ह्याच नॉर्टनला मार्च १९७४ मध्ये कॅराकस येथे दोन फेऱ्यांतच संपविले होते. फोरमन पंचवीस वर्षांचा व अपराजित होता. चाळीस विजयांपैकी सदतीस विजय त्याने मुदतीपूर्वीच मिळविले होते. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी पहाटे तत्कालीन झाईरमधील किन्शासा येथे बत्तीस वर्षांचा अली त्याच्यासमोर उभा राहिला. प्रतिस्पर्ध्याच्या सामर्थ्याविषयी येथे कोणतीच सवलत द्यावी लागत नाही.

ह्या लढतीविषयीचे सर्वसामान्य मत नॉर्मन मेलरच्या १९७५ मधील 'द फाइट' ह्या पुस्तकाने आणि लिऑन गॅस्टच्या 'व्हेन वी वेअर किंग्ज' (१९९६) ह्या माहितीपटाने बरेचसे घडविले आहे. ह्या दोन्ही कृतींचे स्वतंत्र मोल आहे. परंतु लोकांच्या स्मरणात जे राहिले ते असे : अली दोरांना पाठ टेकवून मार खात राहिला, फोरमन दमला, आणि मग अलीने त्याला पाडले. हे वर्णन अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण मूल्यमापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पहिल्या फेरीत अली दोरांकडे गेला नाही. डाव्या हाताने वाट मोकळी न करता त्याने थेट उजव्या हाताचे ठोसे मारले. अंतराच्या दृष्टीने हा ठोसा धोक्याचा असल्यामुळे निष्णात योद्ध्याविरुद्ध तो सहसा आरंभी वापरीत नाहीत. फोरमनला त्याची अपेक्षा नव्हती. तथापि पाय पूर्वीसारखे दीर्घकाळ साथ देणार नाहीत आणि फोरमन रिंगणाचे कोपरे फार कुशलतेने अडवितो, ह्या दोन गोष्टी त्याच फेरीत स्पष्ट झाल्या. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांवर गेला, तो ह्या निष्कर्षानंतर.

दोरांवर त्याने जे केले त्याचे सूक्ष्म निरीक्षण केल्यास त्यात तारुण्यातील शैलीचेच रूपांतर दिसते. विल्यम्स व लिस्टन ह्यांच्याविरुद्ध तो मागे झुकत असे, तेव्हा मागील मोकळी जागा त्याला पाय मिळवून देत असत. किन्शासाच्या सैल दोरांनी तीच जागा पायांवाचून मिळवून दिली. कमरेवरचा भाग दोरांबाहेर मागे नेऊन त्याने फोरमनचे मस्तकावर येणारे ठोसे कमी केले. दंड व कोपरे शरीराला लावून धडावरील पुष्कळसे ठोसे अडविले. जवळ आलेल्या फोरमनची मान खाली दाबून त्याच्या शरीराचा भार त्यालाच वाहावयास लावला. आणि बहुतेक फेऱ्यांत मधूनमधून सरळ, नेमके ठोसे मारून गुणही मिळविले. लढत संपली तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांत अली पुढे होता. जो केवळ मार खात होता, तो गुणांत पुढे कसा, ह्या प्रश्नाला रूढ वर्णनात उत्तर नाही.

आठव्या फेरीच्या अखेरीस दोरांवरून बाहेर पडत त्याने ठोश्यांची जी मालिका केली, तिचा शेवट सरळ उजव्या ठोश्याने झाला. फोरमन वळत खाली कोसळत असताना अलीचा उजवा हात पुन्हा उगारलेला दिसतो. पण तो ठोसा त्याने मारला नाही. फेरी संपण्यास दोन सेकंद उरली असता पंचांनी दहा अंक पुरे केले. मायामीच्या लढतीत जी उणीव होती ती येथे भरून निघाली : कृतीचा शेवट कर्त्याच्या हातून झाला, आणि तो आवश्यक तेवढ्याच साधनांनी झाला.

विरोधलय येथे पूर्णत्वाने आहे, आणि तिच्यातून समतोल साधला गेला आहे. ह्या लढतीचे श्रेष्ठत्व सहनशक्तीत शोधू नये. हरवलेल्या साधनाच्या जागी दुसरे साधन निर्माण करणाऱ्या बुद्धीत ते शोधावे.

५

१ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपीन्समधील मनिलानजीक क्वेझॉन सिटी येथे झालेल्या फ्रेझरविरुद्धच्या तिसऱ्या लढतीला अनेक समीक्षक अलीची, किंबहुना संपूर्ण हेवीवेट गटातील, सर्वश्रेष्ठ लढत मानतात. सकाळची वेळ, बंदिस्त सभागृह आणि असह्य उष्मा अशा स्थितीत चौदा फेऱ्या झाल्या. आरंभीच्या फेऱ्यांत अलीचे वर्चस्व होते. मधल्या फेऱ्यांत फ्रेझरने त्याच्या धडावर आणि मस्तकावर जबर मारा केला. बाराव्या फेरीपासून अलीने पुन्हा उचल खाल्ली आणि तेराव्या फेरीत फ्रेझरच्या तोंडातील दंतरक्षक ठोश्याने उडून रिंगणाबाहेर गेला. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरला समोरचे ठोसे दिसत नाहीत हे ओळखून त्याचा प्रशिक्षक एडी फच ह्याने त्याच्या विरोधाला न जुमानता लढत थांबविली. विजय मिळताच अली रिंगणातच खाली बसला. मृत्यूच्या इतक्या निकट आपण कधी गेलो नव्हतो, अशा आशयाचे उद्गार त्याने नंतर काढले.

ह्या लढतीतील धैर्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हे धैर्य श्रेष्ठतेचा निकष होऊ शकते किंवा नाही, हा. संस्कृत साहित्यशास्त्राची परिभाषा येथे उपयोगी पडते. वीररसाचा स्थायीभाव उत्साह होय. धृती, मती, गर्व इत्यादींना भरताने त्या रसाचे व्यभिचारी भाव म्हटले आहे. ते स्थायीभावाला पुष्ट करतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत. मायामीत उत्साह आहे. किन्शासात उत्साह असून त्याला मतीची असाधारण जोड आहे. मनिलात मधल्या फेऱ्यांनंतर उत्साह ओसरतो आणि केवळ धृती शिल्लक राहते. दोन माणसे एकमेकांना मारीत आहेत ती काही साधण्यासाठी नव्हे, तर थांबणे अशक्य झाल्यामुळे, असे शेवटच्या फेऱ्या पाहताना जाणवते. प्रेक्षकाच्या मनात त्या वेळी जे जागे होते ते शोकाच्या अधिक जवळचे आहे.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, शोकात्म कृती ही वीररसात्मक कृतीहून गौण मानण्याचे कारण नाही. आक्षेप तत्त्वतः योग्य आहे. परंतु शोकात्म नाटकातील नायकाचा घात कल्पित असतो. प्रयोग संपल्यावर नट उठून घरी जातो. साधारणीकरणाने दुःखाचा आस्वाद शक्य होतो तो ह्या कल्पिततेमुळेच. मनिलातील आघात कल्पित नव्हते. कल्पिताच्या आस्वादाचे नियम प्रत्यक्ष इजेला लावून तिला सौंदर्य म्हणणे हा केवळ शास्त्रीय प्रमाद नव्हे. त्यात प्रेक्षकाच्या सोयीचे आत्मसमर्थनही दडलेले आहे.

मुष्टियुद्धाच्या मूळ प्रयोजनाची कसोटी लावली तरी निष्कर्ष निराळा निघत नाही. मनिलात अलीने मार चुकविला कमी आणि सोसला अधिक. त्या दिवसाचे सर्वांत विवेकी कृत्य कोणत्याही योद्ध्याचे नसून, आपला माणूस हरत असल्याचे मान्य करून त्याला बसविणाऱ्या एडी फचचे होते, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

६

येथे किन्शासाच्या लढतीची दुसरी बाजूही नमूद करणे प्राप्त आहे. जे उत्तर एका प्रश्नासाठी शोधले गेले, ते पुढे सर्व प्रश्नांसाठी वापरले गेले. दोरांवर जाणे ही किन्शासात निर्मिती होती. नंतर ती सवय झाली. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सविरुद्ध त्याने आरंभीच्या फेऱ्या अशाच दोरांवर दवडल्या. पण तरुण स्पिंक्स दमला नाही आणि जगज्जेतेपद गेले. सप्टेंबरात त्याने ते परत मिळविले खरे. परंतु तत्पूर्वीच, १९७७ मधील अर्नी शेव्हर्सविरुद्धच्या पंधरा फेऱ्यांनंतर, त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको त्याच्या चमूतून बाहेर पडला होता. २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सविरुद्धची लढत डंडीला दहाव्या फेरीनंतर थांबवावी लागली. १९८४ मध्ये अलीला कंपवाताचा विकार असल्याचे निदान झाले. त्या विकाराला मुष्टियुद्धच कारण होते किंवा कसे, ह्याविषयी वैद्यकांत मतभेद आहेत. इतके आघात निरुपद्रवी होते, असे मात्र कोणी म्हणत नाही.

ज्या समीक्षेने किन्शासाच्या लढतीचे मर्म सहनशक्ती हे मानले, तिने ह्या चुकीच्या सवयीला नकळत प्रतिष्ठा दिली. अली मार खाऊ शकतो ही त्याची थोरवी, असे एकदा ठरल्यावर पुढील प्रत्येक लढतीत त्याने मार खावा, ही अपेक्षा ओघानेच आली. प्रेक्षक ती बाळगीत होते, आयोजकांना ती लाभदायक होती, आणि दुर्दैवाने खुद्द योद्ध्यालाही ती पटलेली दिसते. मूल्यमापनातील चूक येथे केवळ कागदावर राहिली नाही.

वरील विवेचनावरून चार लढतींचे स्थान पुढीलप्रमाणे निश्चित करता येते. शैलीची शुद्धता विल्यम्सविरुद्धच्या लढतीत आहे, पण तिला विरोधाची कसोटी नाही. मायामीच्या लढतीत शुद्ध शैली आणि खरा विरोध ह्यांचा संयोग आहे, पण समाप्ती अपुरी आहे. किन्शासाच्या लढतीत विरोध सर्वाधिक, साधने सर्वांत कमी आणि निर्मिती सर्वांत मोठी असून शेवट कर्त्याच्याच हातचा आहे. म्हणून अलीची श्रेष्ठ लढत ती होय. मनिलाच्या लढतीला ह्या क्रमात स्थान देणे उचित नाही. ती इतरांहून कमी प्रतीची आहे म्हणून नव्हे, तर तिचे मोजमाप ज्या मापाने करावे लागेल ते कलेचे माप नव्हे म्हणून. तिच्याविषयी आदर बाळगावा; परंतु ती पुन्हा घडावी अशी इच्छा जिच्याविषयी धरता येत नाही, अशा कृतीला श्रेष्ठ कृतीचा आदर्श म्हणून पुढे ठेवू नये.